दाणे चिमण्यांसाठी, मेजवानी कबुतरांची! घरच्या बागेत पक्ष्यांना खायला घालावं का?

तळमजला_मुलुंड

मुलुंडला तळमजल्यावर राहतो. स्वयंपाकघराच्या मागे बारा बाय सहा फुटांचा मातीचा पट्टा आहे, त्यात जास्वंद, तुळस, एक लिंबू आणि नवऱ्याने हौसेने लावलेलं पण कधीच न फुललेलं मोगऱ्याचं झाड. (हो, मी बाई आहे. वर 'राहतो' लिहिलं कारण आम्ही दोघं राहतो.)

एप्रिलपासून मातीच्या परळीत पाणी आणि ताटलीत बाजरी, तांदळाची कणी ठेवायला लागले. पहिल्या आठवड्यात पाच-सहा चिमण्या आल्या. मुलगी शाळेत जायच्या आधी ओट्यावर चढून बघायची. तिसऱ्या आठवड्यात कबुतरं आली. आता सकाळी साडेसहाला तीसेक कबुतरं रांग लावल्यासारखी कंपाउंडच्या भिंतीवर बसलेली असतात आणि चिमणी एकही नाही. वरच्या काकूंच्या दोरीवरच्या चादरींचं काय होतं ते सांगत नाही. शेवटी काल सोसायटीच्या बोर्डावर नोटीस: आवारात कोणत्याही पक्ष्यास खाद्य अथवा पाणी ठेवू नये.

कबुतरांचं मला कळतं. पण 'कोणत्याही'? आणि पाणीसुद्धा? आमची आई जेवायला बसण्याआधी भाताचं एक शित बाहेर ठेवायची. हा घास चिऊचा, हा घास काऊचा करतच आपण सगळे जेवायला शिकलो. माझं मत: माझ्या अंगणात मी घालणार. तुमचं काय?

कांजूरकर

ताई, राग मानू नका, पण मी नोटिशीच्या बाजूचा. माझ्या आईला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस आहे. कबुतरांची वाळलेली विष्ठा आणि पिसांतला चुरा हवेत उडतो, तो वर्षानुवर्षं श्वासातून आत जातो आणि काहींच्या फुप्फुसांना सूज येते. वेळीच लक्षात आलं नाही तर फुप्फुसांवर कायमचे व्रण पडतात, ते परत भरून येत नाहीत. आई जिना चढताना तीनदा थांबते. आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ पाच वर्षं रोज पोतंभर ज्वारी टाकत होते. अत्यंत सज्जन माणूस, हेच तर दुखणं आहे.

सगळ्यांना हा आजार होत नाही, मान्य. पण कुणाला होणार हे आधी कळत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायची घोषणा विधान परिषदेत झाली, ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, त्यावरून किती गदारोळ झाला ते सगळ्यांनी पाहिलं. तेव्हा मी दोन्ही बाजूंचे लोक ऐकत होतो. ताडपत्री फाडणाऱ्यांतल्या एकालाही आमच्या घरातलं ऑक्सिजनचं यंत्र दिसलं नसेल.

गिरगावची_नात

आजार खरा आहे, त्यावर वाद नाही. पण आता प्रत्येक पाखराकडे संशयाने बघायचं का? पितृपंधरवड्यात गच्चीवर पान ठेवून तासभर 'काव काव' करत उभे राहता, तेव्हा कावळा हवा असतो. वर्षातले उरलेले दिवस तो घाण करतो म्हणून हाकलायचा. शहराने त्यांची झाडं तोडली, तळी बुजवली, आता मूठभर दाणे टाकले तर नोटीस. माझं मत मूळ पोस्टसारखंच. घाला.

पानाफुलांत

दोघांचंही पटतं आणि दोघांचंही थोडं चुकतं. वीस वर्षं बागेत पक्षी बघतोय, म्हणून जरा लांब लिहितो.

ताई, तुमच्या ताटलीत जे झालं तो काही अपघात नाही. कबुतराला पिल्लं वाढवायला किडे लागत नाहीत. नर-मादी दोघंही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा रस तयार करतात आणि पिल्लांना तोच भरवतात. म्हणजे धान्य मिळालं की काम झालं. मुंबईत धान्य बारा महिने मिळतं, खिडकीचे छज्जे बारा महिने मिळतात, मग वीणही जवळपास वर्षभर चालू राहते.

चिमणीचं तसं नाही. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना पहिले दिवस अळ्या, किडे, कोळी असलं मऊ खाणं लागतं. तुमच्या ताटलीत बाजरी भरपूर आहे, पण लिंबावर औषध मारलं असेल तर पिल्लांसाठी तिथे काहीच नाही. आपण दाण्यांनी नेमक्या त्या पक्ष्याला पोसतो ज्याला आपली गरज नाही.

लिंबावर आणि कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या अळ्या बघितल्यात? लोक ईईई करून चिमट्याने काढतात. त्या फुलपाखराच्या अळ्या. त्या राहू द्या. शिंपी येईल, इवलासा पक्षी, पण आवाज असा की शेजारी कुकरची शिट्टी समजतात. कढीपत्त्याला फळं धरली की बुलबुल येतो. खाली पडलेला पाला झाडून कचऱ्यात देऊ नका, एका कोपऱ्यात पसरा. दयाळ त्यात उकरत बसतो. पावसाळ्यात त्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी झाडं फस्त करतात ना, त्या भारद्वाज खातो. तुमचं मुलुंड तर नॅशनल पार्कच्या कुशीत आहे, तिथे भारद्वाज नाही म्हणजे पट्टा फार स्वच्छ ठेवलाय.

जास्वंद आहेच, शेजारी हॅमेलियाचं झुडूप लावा. शिंजीर, तो फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी, सकाळ-संध्याकाळ हजेरी लावेल. त्याचं घरटं कोळ्याच्या जाळ्यांनी बांधलेलं असतं, तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत मागच्या पट्ट्यातली जळमटं तेवढी सोडा.

विसावा_मजला

'झाडं लावा' हे तळमजल्यावरच्यांना सांगायला ठीक. ठाण्याच्या वेशीवर विसाव्या मजल्यावर दोन फुटांचा ग्रिल आहे, त्यात एसीचं युनिट. आमच्याकडे घार आणि कबुतर, बस्स. मी एक लांबुळकी प्लास्टिकची बाटली दाणे भरून टांगली, बारीक काड्या बसायला. कबुतराला त्यावर बसता येत नाही. मग नोटिशीचं कारणच उरत नाही, नाही का?

कांजूरकर

उरतं. दाणे खाली सांडतात ना. तुमच्या एकोणिसाव्या मजल्यावरच्यांना विचारा. आणि तळमजल्यावर सांडलेल्या दाण्यांना कबुतरांनंतर घुशी येतात. पावसाळ्यात मुंबईत घुशी आणि साचलेलं पाणी म्हणजे लेप्टो, घुशी-उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप. हे सांगायला मला आनंद होत नाहीये.

सेक्रेटरी_नको_रे_बाबा

आमच्या सोसायटीत ती नोटीस मीच लावली होती. 'कोणत्याही' हा शब्द का येतो ते सांगतो. 'कबुतरांना खाद्य घालू नये' असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी चार जण सांगतात, आम्ही चिमण्यांनाच घालतो. मग सेक्रेटरीने दाण्यावर नाव बघायचं का? पाण्याचंही तेच. एका मेंबरच्या कुंडीखालच्या बशीत डासांच्या अळ्या सापडल्या, महापालिकेची नोटीस आली, मीटिंगमध्ये शिव्या मी खाल्ल्या.

पानाफुलांत

सेक्रेटरी साहेब, डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो हे खरंय. पण अंड्यापासून डास उडायला साधारण आठवडा लागतो. परळ रोज घासून पालथी केली तर तो जन्मतच नाही. तुमच्या मेंबरने बशी महिनाभर हलवली नसणार. पाणी बंद करू नका, पाणी न बदलणाऱ्याला दंड करा. परळ उथळ हवी, दोन बोटं पाणी पुरे, आणि मधे एक खडबडीत दगड, म्हणजे छोट्या पक्ष्यांना पाय टेकता येतात.

आणि हो, 'घाला' म्हणणाऱ्यांसाठी. ब्रिटनमध्ये घरोघरी दाण्यांचे फीडर असतात. तिथे २००५ पासून ग्रीनफिंच नावाचा पक्षी ट्रायकोमोनोसिस या रोगाने झपाट्याने कमी झाला. एकाच ठिकाणी गर्दी करून, एकमेकांची लाळ लागलेले दाणे खाऊन तो रोग पसरतो. प्रेमाने घातलेल्या दाण्यांचीही अशी एक बाजू असते. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत ताटलीतली बाजरी दोन दिवसांत बुरसते, ते वेगळंच.

गिरगावची_नात

सगळं शास्त्र मान्य. पण एक सांगा, मूळ पोस्टमधली ती मुलगी ओट्यावर चढून चिमण्या बघत होती ना? ती झाडाखालच्या पाल्यात दयाळ शोधायला कधी शिकणार? ताटली समोर असते म्हणून मुलं बघतात. पहिल्या आठवड्यात तरी त्या ताटलीने काम केलंच की. तुमच्या वीस वर्षांची सुरुवात कशाने झाली होती, खरं सांगा.

पानाफुलांत

लालबागच्या चाळीत, गॅलरीत. आजी तांदूळ निवडायची, निवडलेले खडे आणि कणी कठड्यावर ठेवायची. पकडलंत.

पण तेव्हा चाळीच्या वाशांत भोकं होती, चिमण्यांना घरटं करायला जागा होती. आता काच आणि काँक्रीट. तुम्हाला दाखवायचंच असेल तर लाकडी खोकं टांगा, भोक सव्वा इंचाचं, त्याहून मोठं नको, नाहीतर साळुंकी घर बळकावते.

विसावा_मजला

विसाव्या मजल्यावर खोक्यात चिमणी येईल?

पानाफुलांत

मला तरी शंका आहे. तुम्ही खाली सोसायटीच्या बागेत टांगा. सेक्रेटरी चांगला असेल तर.

सेक्रेटरी_नको_रे_बाबा

मी ऐकतोय.

तळमजला_मुलुंड

सगळं वाचलं. कांजूरकर, तुमच्या आईंबद्दल वाचून आज सकाळी ताटली उचलली. कबुतरं अर्धा तास भिंतीवर बसून होती, मला अपराधी वाटलं, खोटं कशाला बोलू. परळ मात्र हलवणार नाही. रोज घासेन, पालथी करेन, आणि सेक्रेटरींना लेखी देईन की नोटिशीतला 'पाणी' शब्द काढा.

गिरगावच्या नातीचा प्रश्न अजून डोक्यात आहे. मुलीने विचारलं, आता चिमण्या कुठे बघायच्या? तिला लिंबाच्या पानावरच्या त्या शिटेसारख्या अळ्या दाखवल्या. तिने नाव ठेवलं 'शीतल'. नवऱ्याने लिंबासाठी आणलेली फवारणीची बाटली कुठे लपवू ते सांगा, तो दर रविवारी शोधतो.

कांजूरकर

मोगऱ्यामागे लपवा. तिकडे कुणी बघत नाही.