मदत हवी आहे: एप्रिलात मुलांना कासवं दाखवायला नेऊ का?

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी मिळून 17 पोरं. 1 मेच्या निकालाआधी काहीतरी वेगळं करायचंय. बालआनंद मेळावा (पोरांनीच मांडलेला बाजार) झाला. सुट्टे नाहीत म्हणून चौथीतल्या एकीने आमसुलांच्या गिऱ्हाइकाला वर दोन कैऱ्या दिल्या, वहीत किंमतही मांडली!

आता आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दाखवायचीत. पण अंड्यांना 45 ते 60 दिवस लागतात, नेमका दिवस कसा धरायचा? त्यात आंबा काढणीत गाडीवाले मिळत नाहीत. कुणी शाळा नेलीय का? पहिलीच्यांना झेपेल? बेत फसलाच तर किनाऱ्यावरच करता येईल असं गणिताचं, परिसर अभ्यासाचं काही सुचवा. (नाच नकोत, स्नेहसंमेलनात पुरे झाले.)