मदत हवी आहे: मित्रासोबत भाड्याने द्यायला पहिला फ्लॅट घ्यावा का?

मी आणि एक मित्र मिळून भाड्याने द्यायला फ्लॅट घेण्याचा विचार आहे. किमतीच्या ७० टक्के कर्ज. उरलेल्या ३० टक्क्यांत २० माझे, १० त्याचे. हप्ता निम्मा-निम्मा. भाडेकरू, दुरुस्त्या तो बघणार. हिस्सा किती-किती लावायचा यावर गाडी अडली आहे. भागीदारी करावी का?

प्रतिसाद १
किंमत १०० धरा. पुढे फ्लॅट १२० ला विकला आणि तेव्हा कर्ज ५५ उरलं असेल, तर हातात ६५ येतील. सरळ २:१ वाटले तर तुम्हाला ४३.३, त्याला २१.७. आधी ज्याचे त्याचे २० आणि १० परत करून उरलेले ३५ निम्मे केले, तर ३७.५ आणि २७.५. फरक जवळजवळ ६ चा, म्हणजे त्याने घातलेल्या पैशांच्या निम्म्याहून जास्त! हप्ता खरंच निम्मा भरणार असाल तर दुसरी रीत रास्त. तोट्यात विकावा लागला तर काय, तेही त्याच कागदावर लिहा. ते नेमकं राहून जातं.

प्रतिसाद २
हिश्शापेक्षा कर्ज जड आहे. सहकर्जदार झालात की बँकेच्या लेखी सहसा दोघेही पूर्ण कर्जाला बांधील असतात. त्याने हप्ता थकवला तर वसुली तुमच्याकडून होऊ शकते आणि पत दोघांची बिघडते. शिवाय उद्या स्वतःच्या घरासाठी कर्ज मागाल तेव्हा हा हप्ता, कधी कधी अख्खाच, तुमच्या नावावर मोजला जातो.
म्हणून कसोटी एकच: फ्लॅट ३ महिने रिकामा आहे आणि मित्राची नोकरी गेली आहे, तर पूर्ण हप्ता एकट्याला झेपेल का? झेपणार नसेल तर घेऊ नका. एकट्याने लहान फ्लॅट घेतलेला बरा.

धागाकर्ता
झेपेल, ओढाताण होईल. देखरेखीबद्दल त्याचा हिस्सा वाढवावा का?

प्रतिसाद १
अजिबात नको. काम उद्या थांबेल, हिस्सा कायम राहील. त्याऐवजी जमा झालेल्या भाड्याच्या ८-१० टक्के मेहनताना द्या; महिना रिकामा गेला तर तोही नाही.
भाडं वेगळ्या संयुक्त खात्यातच येऊ द्या. त्यात सहा हप्त्यांएवढी गंगाजळी साठेपर्यंत कुणीही नफा उचलू नये. ठराविक रकमेपुढची दुरुस्ती दोघांच्या होकारानेच.

प्रतिसाद २
बाहेर पडायची वाटही आत्ताच लिहा. एकाला विकायचं असेल तर पहिला हक्क दुसऱ्याचा, किंमत त्रयस्थ मूल्यांकनकाराची, उत्तराला ६० दिवस, पैशांना ९०. त्याने घेतला नाही तर अख्खा फ्लॅट बाजारात, कारण सुटा अर्धा हिस्सा घ्यायला सहसा कुणी धजत नाही. हिस्सा विकत घेताना विकणाऱ्याचं नाव कर्जातूनही काढून घ्यावं लागतं, आणि उरलेल्याचं उत्पन्न पुरेसं नसेल तर बँक ते काढत नाही. दोघांपैकी एक वारला तर हिस्सा कुणाकडे जाणार, हे मालकी कशी नोंदवली आहे यावर ठरतं. ते खरेदीखताआधी वकिलाकडून तपासा.