जास्त पाऊस म्हणजे जंगलाचा जास्त फायदा, हे खरं का? थंड देशातले आकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्याला लावावेत का?

सत्तरीचा_कुळागरकार
मंडळी नमस्कार. गेल्या रविवारी आमच्या गावात झाडं लावायचा कार्यक्रम झाला. बाहेरून पाहुणे आले होते, त्यांनी एक तक्ता दाखवला, अमेरिका-युरोपातल्या जंगलाचा एक हेक्टर वर्षाला किती कार्बन धरतो, किती पाणी स्वच्छ करून देतो वगैरे, आणि शेवटी म्हणाले की गोव्यात पाऊस त्यांच्या दुप्पट, म्हणजे आपल्या जंगलाचा फायदा पण दुप्पट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथं गप्प बसलो पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही म्हणून इथं लिहितोय.

माझं म्हणणं असं की पाऊस किती पडला याच्याएवढंच तो कधी पडला हे बघायला पाहिजे. तिकडे अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये हबर्ड ब्रूक म्हणून संशोधनाचं जंगल आहे, तिथं वर्षाला साधारण 1400 मिमी पडतो पण तो बाराही महिने सारखा वाटून पडतो आणि त्यातला बराच बर्फ. बर्फ हळूहळू वितळतो, म्हणजे पाणी साठवायचं अर्धं काम थंडीच करते. आपल्याकडे 3000 मिमी, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, आणि जानेवारी ते एप्रिल आभाळ कोरडं. जुलैत मला जंगलाकडून पाणी नकोच आहे हो, जुलैत पाणी दारात येतं. त्यानं ते पाणी धरून ठेवून मे महिन्यापर्यंत थोडं थोडं सोडावं, आपल्या रानाचा खरा फायदा हाच.

आमच्या कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, वरच्या डोंगरातली झर येते. आजोबांच्या वेळी ती मे संपेपर्यंत पोफळींना पुरायची, आता शिगम्याच्या (होळीच्या) आधीच बारीक होते. पाऊस कमी झालेला नाही, उलट. बदललं काय तर वरचं मिश्र रान गेलं आणि तिथं अकेशिया आणि काजू आला. मग दुप्पट पावसाचा दुप्पट फायदा कुठं गेला?

फोंड्याचा_इंजिनिअर
तुमची झर आटली त्याचं वाईट वाटतं, पण भावना बाजूला ठेवून बोलूया. झाडं पाणी पितात. नॉर्थ कॅरोलिनात कोवीटा म्हणून जागा आहे, तिथं पानगळीचं जंगल काढून पांढरा पाइन लावला आणि पंधराएक वर्षांत ओढ्याचं वर्षाचं पाणी साधारण 20 टक्के घटलं. हे मोजलेलं आहे. म्हणजे झाडं लावली की पाणी वाढतं हे आपण शाळेपासून ऐकतो ते सरसकट खरं नाही, उन्हाळ्यात तर तुमच्या झरीतलंच पाणी वरची झाडं ओढून घेतात. 3000 मिमी पडणाऱ्या राज्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात याचा उपाय वसंत बंधारे आणि तळ्यांचा गाळ काढणं हा आहे. अर्ध्या दक्षिण गोव्याची तहान साळावली धरण भागवतं, जंगल नाही.

सत्तरीचा_कुळागरकार
इंजिनिअरबाब, कोवीटाचं तुम्ही सांगितलं ते बरोबर, पण पूर्ण बघा ना. तिथं जंगल वाढवलं नव्हतं, एका जातीच्या जागी दुसरी आणली होती. पानगळीची झाडं हिवाळ्यात उघडी असतात, पाऊस सरळ जमिनीत जातो. पाइन बारा महिने हिरवा, त्याच्या सुयांवर पाणी अडतं आणि तिथूनच उडून जातं, शिवाय तो हिवाळ्यातही पाणी पीत राहतो. हे तर माझ्या अकेशियाच्या तक्रारीच्या बाजूचं झालं, तो पण बारा महिने हिरवा. आणि साळावलीच्या वरच्या अंगाला नेत्रावळीचं रान आहे. ते उघडं पडलं तर पावसाबरोबर माती कुठं जाणार, तुमच्या धरणातच ना?

गोटिंगेनहून_डिचोलकरीण
मी दोन वर्षं जर्मनीत शिकतेय, इथून हार्त्सचे डोंगर जवळ आहेत. पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा खरंच रडू आलं, नजर जाईल तिथपर्यंत करडे उभे खांब, सगळे मेलेले स्प्रूस, म्हणजे सुयांसारख्या पानांची झाडं. 2018 पासून सलग तीन वर्षं कोरडी गेली. स्प्रूस स्वतःचं रक्षण डिंकानं करतो, किडा साल पोखरायला लागला की डिंक जोरात बाहेर येऊन त्याला ढकलतो, पण झाडाला पाणीच नसेल तर तो दाब येत नाही, आणि मग सालीतला किडा लाखोंनी वाढतो. त्या काळात देशात साधारण 5 लाख हेक्टर जंगल गेलं. 2003 च्या उन्हाळ्यात तर युरोपातल्या झाडाझुडपांनी चार वर्षांत धरलेला कार्बन एका वर्षात परत सोडला असं शास्त्रज्ञांनी मांडलं होतं.

म्हणून दादा मला तुमचं अर्धंच पटतं. पावसाची वेळ महत्त्वाची हे खरं, पण एका मर्यादेखाली पाऊस गेला की जंगल फायदा द्यायचं थांबतं आणि उलट खर्च सुरू होतो. पाणी, लाकूड, कार्बन, सावली हे सगळं एकदम जातं, एक एक करून नाही. आपल्याकडे मार्च 2023 ला म्हादई अभयारण्यात दिवसचे दिवस आग चालली होती, हेलिकॉप्टरनं पाणी टाकावं लागलं, ते आठवा. त्याच्या आधीचा पावसाळा काही दुष्काळी नव्हता, पण कोरडी हवा आणि सुकलेला पाला एवढं पुरलं.

केरीची_काजूवाली
आगीचा विषय निघाला की बोट काजूवाल्यांकडे जातं म्हणून लिहिते. आमची बाग सासऱ्यांच्या काळापासूनची आहे. मुलांची शिक्षणं त्याच्यावर झाली. कुळागरकार भाऊ, तुम्ही अकेशिया आणि काजू एका ओळीत बसवलात ते मला लागलं. अकेशियाखाली गवत उगवत नाही, आमच्या काजूखाली मी स्वतः भिरंड (कोकम) आणि चाराची झाडं ठेवली आहेत.

आणि फायदा म्हणजे फक्त पाणी आणि कार्बन का? चवथीला गणपतीच्या वर बांधतो ती माटोळी कशानं सजवतो आपण? रानातल्या फळांनी, वेलींनी. ती फळं पाऊस वेळेवर आला तर चवथीपर्यंत तयार होतात, नाहीतर बाजारातून विकत आणून बांधावी लागतात. रोयणीवरची (वाळवीच्या वारुळावरची) अळमी, म्हणजे अळंबी, पहिल्या पावसानंतर ठराविक दिवसांत येते, जून कोरडा गेला तर ती हुकते. मार्चमध्ये ढगाळ होऊन अवकाळी सर आली की काजूचा मोहोर काळा पडतो, वर्षाचं उत्पन्न जातं. वर्षाचा एकूण पाऊस कागदावर तोच दिसतो हो, पण घरात काय येतं ते बदलतं. हे तुमच्या तक्त्यात कोण लिहिणार?

तारवटी_पेडणे
मी बोटीवर असतो, सिएटलला गेलो तेव्हा सुट्टीत ऑलिम्पिक नॅशनल पार्क बघितलं. तिथं हो व्हॅली म्हणून आहे, पाऊस साधारण 3500 मिमी म्हणजे आपल्यापेक्षाही जास्त, आणि झाडं अशी की चार माणसांनी हात धरले तरी कवेत येत नाहीत, सगळ्यावर शेवाळ. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला सेक्विम गाव, तिथं जेमतेम 400 मिमी, आणि जंगल संपून माळ सुरू होतो. आपल्याकडे चोर्ला घाट चढून बेळगावच्या पुढं गेलं की हळूहळू होतं तसंच, फक्त तिथं दोन तासांत दिसतं. ती किनाऱ्याकडची जंगलं जगात सगळ्यात जास्त कार्बन धरणाऱ्यांत मोजतात. मग पाहुणे चुकले कुठं, पाऊस जास्त तिथं जंगल जास्त हे डोळ्यांनी दिसतं की.

सत्तरीचा_कुळागरकार
तारवटीबाब, तुम्ही लिहिलेलं वाचून बरं वाटलं, पण तिथं कार्बन एवढा साठण्यात थंडीचा मोठा वाटा आहे. तिथं पडलेलं खोड शेकडो वर्षं जमिनीवर राहतं, त्याच्यावर नवीन झाडं उगवतात. आमच्या रानात खोड पडलं की दोन पावसांत वाळवी आणि बुरशी त्याचं पीठ करतात. आमच्याकडे पाऊस आणि ऊब एकत्र आहे, त्यामुळे वाढही झपाट्यानं आणि कुजणंही झपाट्यानं. शिवाय त्यांच्या उन्हाळ्यात पाऊस कमी असला तरी समुद्रावरचं धुकं येतं. आमच्या एप्रिलला काय येतं?

आणि केरीच्या ताई, माफ करा. सगळा काजू एकसारखा नाही हे मी लिहायला पाहिजे होतं. आमच्या वरच्या डोंगरावर जे आहे ते खरवडून साफ केलेलं आहे, खाली पाचोळा पण ठेवत नाहीत, मी त्याच्याबद्दल बोलत होतो. पाचोळा असला की जुलैचा थेंब आधी त्याच्यावर आपटतो मग जमिनीत मुरतो, नसला की सरळ माती घेऊन व्हाळात (ओढ्यात) जातो. बांबरला निरंकाराची राय (देवराई) आहे ती बघा, जायफळाच्या जातीची झाडं पाण्यात उभी, मुळं गुडघ्यासारखी वर आलेली. देवाची म्हणून कुणी फांदी तोडली नाही. इतक्या वर्षांत तिथं कुणाला बंधारा बांधावा लागला नाही.

फोंड्याचा_इंजिनिअर
राई मी बघितली आहे, सुंदर आहे, पण ती पाण्यामुळे तिथं आहे की पाणी तिच्यामुळे आहे हे नुसतं बघून सांगता येत नाही. हबर्ड ब्रूकचं नाव तुम्हीच घेतलं म्हणून सांगतो, तिथं 1965 साली एका पाणलोटातलं सगळं जंगल कापलं आणि पहिल्याच वर्षी ओढ्याचं पाणी 40 टक्क्यांच्या आसपास वाढलं.

गोटिंगेनहून_डिचोलकरीण
आणि त्याच ओढ्यात नायट्रेट कित्येक पटीनं वाढलं, ते पण सांगा ना सर. जमिनीतलं खतच वाहून गेलं. न्यूयॉर्क शहरानं 1990 च्या दशकात कॅट्सकिलच्या डोंगरातली जमीन आणि रान सांभाळायला पैसे दिले ते यासाठीच, नाहीतर पाणी गाळायचा कारखाना बांधायला 6 ते 8 अब्ज डॉलर लागणार होते. तुम्ही लिटर मोजताय, पण ते लिटर पिण्यासारखे आहेत का आणि कुठल्या महिन्यातले आहेत?

फोंड्याचा_इंजिनिअर
नायट्रेटचं मान्य. महिन्याचा मुद्दा पण रास्त आहे, वर्षाची बेरीज आणि एप्रिलचं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी. पण अकेशियामुळे झर आटली हे अजून सिद्ध झालेलं नाही, खाली किती बोअरवेल झाल्या ते पण बघायला पाहिजे. मोजूया. एक व्हाळ अकेशियाखालचा, एक मिश्र रानातला, उतार आणि आकार जवळपास सारखा असलेले. ऑक्टोबर ते मे, दर पंधरा दिवसांनी, बादली किती सेकंदात भरते एवढंच लिहायचं. आकडे तुमच्या बाजूनं आले तर मी इथंच येऊन तसं लिहीन. तोवर बंधारा हवा या मतावर मी आहे.

सत्तरीचा_कुळागरकार
चालेल. आमच्याकडे 20 लिटरची बादली आहे, दोन्ही व्हाळ मला माहीत आहेत, घरापासून अर्ध्या तासावर. बोअरवेल पण मोजतो, आमच्या वाड्यावर तीन झाल्यात हे खरं आहे, त्यातली एक माझ्या चुलत्याची.

केरीची_काजूवाली
तिसरा व्हाळ माझ्या काजूखालचा घ्या. पाचोळा मी काढत नाही, येऊन बघा. दसऱ्यानंतरच्या रविवारी या, सकाळी लवकर, नंतर ऊन चढतं.