रात्रीची तयारी, दाराजवळचा कप्पा
मुलांच्या शाळेच्या सकाळची धावपळ कमी करण्यासाठी फ्रिजवर आठवड्याचे वेळापत्रक लावावे, ही सूचना चांगलीच आहे. मात्र नवी मुंबईतल्या ऐरोली-घणसोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे गाठून पुढची गाडी पकडणाऱ्या आईवडिलांना सकाळी ते वाचण्याइतकीही उसंत नसते. म्हणून सही केलेली डायरी, पी.टी.चे बूट आणि घराची किल्ली रात्री जेवणानंतरच दाराजवळच्या एकाच कप्प्यात ठेवावी, आणि सात-आठ वर्षांच्या मुलांकडे हे काम निःसंकोच सोपवावे (सुरुवातीला एखादा मोजा हरवेल, तो हरवू द्यावा). पावसाळ्यात कपडे वाळत नसल्याने जूनपूर्वीच गणवेशाचा एक जादा जोड घेतलेला बरा. पालेभाजी रविवारी निवडून ठेवावी. मात्र ती न धुता कागदात गुंडाळावी, कारण ओलाव्याने ती लवकर सडते.