मॅग्नेपॅन स्पीकरला अँप कुठला जोडू? प्री वेगळा घ्यावा का? बजेट ७० हजार (परभणी)

परभणीचा_श्रोता
नमस्कार मंडळी. आतेभाऊ मिनेसोटातून कायमचा परत आला, कंटेनरमधून सामान आणलं त्यात मॅग्नेपॅन एलआरएसची जोडी निघाली. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढं ठेवायला जागा नाही म्हणून मला देऊन टाकली. ज्यांनी बघितले नाहीत त्यांच्यासाठी, ह्याला खोकं नसतंय, चार फूट उंच, सव्वा फूट रुंद, इंचभर जाडीचं कापड लावलेलं पॅनल, आवाज पुढून बी निघतो मागून बी. आई पार्टिशन म्हणून त्यावर टॉवेल वाळत घालायला निघाली होती.
सध्या जुना ४० वॅटचा इंटिग्रेटेड (प्री आणि पॉवर एकाच डब्यात) लावलाय. हळू आवाजात गायकी इतकी साफ येते की तानपुऱ्याच्या चारही तारा वेगळ्या कळायल्यात. पण पखवाज सुरू झाला आणि व्हॉल्यूमचं बटण घड्याळातल्या बारापर्यंत फिरवलं की आवाज चपटा होतो, अँपचं झाकण हात लावू देत नाही. खोली १२ बाय १६, शहाबादी फरशी, बसायची जागा स्पीकरपासून दहा फूट. स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला अडथळा, ४ ओहम; ठराविक वीज दिली की आवाज ८६ डीबी. जुनं चालंल. ७० हजारांत प्री (व्हॉल्यूम, इनपुट सांभाळणारा) आणि पॉवर (स्पीकर चालवणारा) वेगळे घ्यावेत की एकच चांगला इंटिग्रेटेड? अजून कोणी मॅगी, म्हणजे मॅग्नेपॅन, वाजवतंय का मराठवाड्यात?

हायफाय_संभाजीनगर
अभिनंदन, मोठी वस्तू मिळाली. सरळ नॅड सी २९८ पॉवर अँप घ्या, आत प्युरिफाय कंपनीचं मॉड्यूल आहे, ८ ओहमला १८५ आणि ४ ओहमला ३४० वॅट. माझ्याकडं आहे, दुसरं काही ऐकावंच वाटत नाही. ७० हजारांत ह्या स्पीकरला न्याय मिळणार नाही, बजेट वाढवा, अशी वस्तू माणूस एकदाच घेतो.

धाराशिवकर
बजेट ७० सांगितलंय की हो त्यांनी. सी २९८ त्याच्या कितीतरी वर जातो.

हायफाय_संभाजीनगर
हप्त्यावर मिळतो.

मांडव_साउंड_जालना
आम्ही लग्नाचे, सभेचे साउंड करतो, अँपमध्येच आयुष्य गेलं. दादा, तुमाला वॅट पाहिजेत ना, क्राउन एक्सएलएस १००२ घ्या. ४ ओहमला एका चॅनेलला ३५० वॅट, वजन कमी, दिवसभर मांडवात वाजवला तरी दम टाकत नाही. बजेटमधी बसंल, पैसे उरतील. फक्त मांडवातला अहुजा कोणी देतो म्हणाला तर घेऊ नका, त्याचं काम वेगळं. त्याच्या १०० व्होल्टच्या लाईनवर लांब लांब भोंगे चालवायचे असतात, घरातल्या गाण्याला तो नाही.

व्हॉल्व्हप्रेमी_अंबाजोगाई
डीजेचा अँप मॅगीला? ज्या स्पीकरमध्ये तानपुऱ्याच्या तारा वेगळ्या कळतात त्यात अँपच्या पंख्याची घरघर बी कळंल. माझं ऐका, वॅटच्या मागं लागू नका. आधी एक चांगला व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) प्रीअँप घ्या, बाराएएक्स७ वाला. आवाजात ओलावा येतो, गळा येतो. माझ्याकडं व्हॉल्व्हचा प्री आणि ३० वॅटचा पॉवर आहे, शंकरबापू आपेगावकरांचा पखवाज लावला की धुमेवरची (खर्जाच्या बाजूवरची) ओली कणीक दिसती समोर.

ओहमचा_नियम
व्हॉल्व्हप्रेमी, तुमचे स्पीकर कोणते? ९२-९३ डीबीचे असतील तर ३० वॅट भरपूर आहेत. इथं गणित वेगळं आहे, सविस्तर लिहितो कारण सगळा घोळ इथंच होतो.
८६ डीबी हा आकडा २.८३ व्होल्टला दिलेला असतो. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट, पण ४ ओहमला तेच २ वॅट होतात. म्हणजे खऱ्या एका वॅटला हा स्पीकर ८३ च देतो. आता वॅट दुप्पट केले की फक्त ३ डीबी वाढतात. १ वॅटला ८३, १० ला ९३, १०० ला १०३, तेही एक मीटरवर. दहा फुटांवर त्यातले साधारण ९ डीबी जातात, दोन स्पीकर मिळून ३ परत येतात, थोडं खोली देते. म्हणजे १०० वॅट घालून तुमच्या कानाशी ९७-९८ च्या आसपास. गाणं सरासरी ७८-८० ला ऐकत असाल तर पखवाजाची थाप त्याच्या वर १५-२० डीबी उडी मारते. १०० वॅट जेमतेम, ४ ओहमला २०० असले तर निवांत.
आणि नुसते वॅट बघू नका, करंट बघा. मॅगीचा इम्पीडन्स जवळपास सपाट ४ ओहम असतो, वेडावाकडा नाचत नाही, ही चांगली गोष्ट. पण ४ ओहम सतत म्हणजे करंट सतत. ज्या अँपचे ८ ओहमचे वॅट ४ ओहमला दुपटीच्या जवळ जातात त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर सप्लाय दमदार असतो. जो ८ ला ४० आणि ४ ला ५० देतो तो तिथंच दमतो, आणि तुमचं झाकण तापायचं कारण तेच. इंटिग्रेटेडच्या मागं इम्पीडन्सचं बटण असलं तर ते ४ वर करू नका, त्यानं अँप थंड राहतो पण आतला व्होल्टेज कमी होऊन ताकदच कमी होते.

बीडवाला_७८
वरचं गणित बरोबर असंल, पण आपल्याकडच्या लाईटचं काय? आमच्या गावाकडं रब्बीत मोटारी सुरू झाल्या की घरात १८० व्होल्ट येतात. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अँपची ताकद व्होल्टेजच्या वर्गात पडती. १८० भागिले २३० चा वर्ग करून बघा, ०.६१ येतं. २०० वॅटचा अँप १२० चा होतो आणि तुम्ही म्हणता कंपनी खोटं बोलली. त्यापेक्षा स्विचिंग सप्लायचा (मोबाईलच्या चार्जरसारखा) क्लास डी, म्हणजे कमी तापणारा हलका अँप घ्या, १०० ते २४० व्होल्टवाल्या अडाप्टरला फरक पडत नाही.
आणि एक सांगतो, कमी वॅटचा अँप स्पीकर जाळत नाही असं समजू नका. भाच्यानं हळदीच्या रात्री माझ्या छोट्या अँपवर गाणी पार पिळून काढली, अँप क्लिप होत राहिला (ताकद संपून आवाजाची टोकं कापत राहिला) आणि दोन्ही ट्वीटर गेले. चांगले जर्मन ट्वीटर होते, तसले परत मिळाले नाहीत. मॅगीला मागं फ्यूज असतो, तो उडला तर त्याच रेटिंगचा टाका. तार गुंडाळून काम भागवलं तर पॅनल जाईल.

नांदेड_एलपी
माझंही मत क्राउन एक्सएलएस १००२. ४ ओहमला ३५० वॅट आहेत.

मांडव_साउंड_जालना
तेच सांगितलं की वर.

लातूर_बजेटवाला
७० हजार कशाला घालता? ऑनलाइन छोटा चिनी डबा घ्या, टीपीए ३२५५ चिपवाला, ३०० वॅट अधिक ३०० वॅट, आठ-दहा हजारांत. मी लावलाय, एक नंबर वाजतोय. उरलेल्या पैशात फ्रीज घ्या.

ओहमचा_नियम
चिप चांगली आहे, वाद नाही. पण अडाप्टरवर काय लिहिलंय ते वाचा. ४८ व्होल्ट ५ अँपिअर म्हणजे एकूण २४० वॅट, दोन्ही चॅनेल मिळून, त्यातही थोडे उष्णतेत जाणार. ६०० वॅट येतील कुठून? क्लास डीच घ्यायचा तर हायपेक्स कंपनीचं एनसी२५२एमपी मॉड्यूल बसवलेला बघा, ४ ओहमला दोन्ही बाजूंनी २५० वॅट, सप्लाय त्याच बोर्डावर. डब्यात बसवून देणारे लोक देशातही आहेत.

लातूर_बजेटवाला
माझ्याकडं तर कधी कमी पडला नाही. लोक उगं महाग घ्यायला लावतात.

परभणीचा_श्रोता
सगळ्यांचे आभार. मल्टीमीटर लावून बघितलं, सकाळी २३२ आणि संध्याकाळी सातला १९५. प्रीबद्दल कोणी नीट बोलंना. रेकॉर्ड प्लेअर आहे, वडलांच्या शंभरेक एलपी आहेत, बाकी गाणी छोट्या डॅकवरून (डिजिटल गाण्याचा अँपला चालणारा सिग्नल करणारा डबा) लॅपटॉपनं वाजवतो.

ओहमचा_नियम
दोन गोष्टी एकत्र करू नका. फोनो प्री (रेकॉर्ड प्लेअरसाठी) आणि लाईन प्री (बाकी सगळ्यासाठी) वेगळे. एमएम कार्ट्रिजमधून (रेकॉर्ड प्लेअरच्या सुईचा भाग) ५ मिलिव्होल्टच्या आसपास निघतात, तिथं फोनो प्री पाहिजेच, त्याशिवाय आरआयएएचं करेक्शन (रेकॉर्डवर कमी केलेला खर्ज परत आणणं) होत नाही आणि आवाज पातळ किरकिरा येतो. पण डॅक २ व्होल्ट देतो. पॉवर अँपचा गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) २६ डीबी धरला तर तो व्होल्टेज २० पट करतो. ४ ओहमला २५० वॅट काढायला ३१.६ व्होल्ट लागतात, भागिले २० म्हणजे १.५८ व्होल्ट. डॅक त्याहून जास्त देतोय! मग मधी अजून गेन कशाला? डॅकला व्हॉल्यूम असला तर प्रीची गरजच नाही, सगळे पैसे पॉवरमध्ये घाला.

व्हॉल्व्हप्रेमी_अंबाजोगाई
गणितानं गाणं ऐकता येत नाही. प्री काढला की आवाजाचा जीव जातो, हे मी स्वतः ऐकलेलं आहे. गायक नाथराव नेरळकरांचा आवाज ज्यांनी समोर बसून ऐकला त्यांना विचारा.

ओहमचा_नियम
समोर बसून ऐकताना मधी प्री नव्हता. तुमच्या कानावर माझा विश्वास आहे, पण व्हॉल्व्हचा प्री जोडायचा तर एक बघावं लागतं. त्याच्या आउटपुटला कपॅसिटर असतो. तो ०.४७ मायक्रोफॅराडचा आणि पॉवर अँपचा इनपुट १० किलोओहमचा असला तर ३४ हर्ट्झला ३ डीबी गळती लागते, आणि घसरण त्याच्या वरूनच सुरू होते. एलआरएस मुळात ५० हर्ट्झपर्यंतच जातो, पखवाजाची धुम अजून पातळ होईल. ४७ किलोओहमचा इनपुट असला तर हीच जागा ७ हर्ट्झवर जाते, मग बिनधास्त जोडा. प्रीचा आउटपुट इम्पीडन्स पुढच्या इनपुटच्या दहाव्या भागापेक्षा कमी असावा, एवढं धरून चाला.

व्हॉल्व्हप्रेमी_अंबाजोगाई
माझ्या पॉवरचा इनपुट ४७ किलोच आहे.

ओहमचा_नियम
म्हणूनच तुमच्याकडं चांगला वाजतोय.

हायफाय_संभाजीनगर
केबलचं कोणीच बोललं नाही. माझ्या केबलची किंमत सांगितली तर इथं भांडणं होतील, पण एवढ्या उघड्या स्पीकरला चांदीची केबल पाहिजे.

मांडव_साउंड_जालना
अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, इलेक्ट्रिकच्या दुकानातून. तीन मीटर जाऊन येऊन ०.०४ ओहम होतंय, ४ ओहमच्या एक टक्का. पैसे फरशीवर घाला, जाड सतरंजी नाहीतर आजीच्या दोन वाकळा. शहाबादीवर टाळी वाजवून बघा, किती वेळ घुमती ते. ते घुमणं कुठलाच अँप काढून देत नाही.

बीडवाला_७८
वाकळेचं एकदम खरं. आणि पॅनलवर ऊन पडू देऊ नका. आतली तार पातळ फिल्मवर चिकटवलेली असते, जुन्या जोड्यांची तार उष्णतेनं आणि उन्हानं सुटलेली बघितलीय, मग फर्रफर्र आवाज येतो. पत्र्याची खोली असंल तर मे महिन्यात तिथं ठेवूच नका.

नांदेड_एलपी
अर्थिंग बघितली का? रेकॉर्ड प्लेअरची बारीक हिरवी वायर फोनोच्या स्क्रूला लावली नाही तर हमिंग येतंच. आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकत जा, आपली काळी माती वाळून भेगाळली की अर्थिंग नावालाच राहती.

परभणीचा_श्रोता
ठरलं आणि घेऊन बी आलो. हैदराबादला एका गृहस्थांकडं जुना रोटेल आरबी-१०८० मिळाला, क्लास एबी (जुन्या पद्धतीचा, क्लास डी नव्हे), ८ ओहमला २०० वॅट, ४४ हजार. जुना स्टिरिओ प्री, आत एमएम फोनो असलेला, रिमोटसकट १९ हजार. रेल्वेनं आणला, पॉवर एकट्याला उचलवत नाही, नांदेडपर्यंत सीटखाली पाय लावून बसलो होतो.
क्राउन दोघांनी सुचवला, क्लास डी सुचवला, प्री नको म्हणून सांगितलं, तरी का नाही ऐकलं ते सांगतो. खोलीत रात्री दहानंतर पंखा बंद करून ऐकतो, तिथं अँपचा पंखा मला चालणार नाही. लाईटचं गणित बीडवाल्यांनी शिकवलं तसं केलं, १९५ व्होल्टला २०० चे १४४ राहतात, तेही ८ ओहमचे, ४ ला त्याहून जास्तच, मला पुरं आहे. आणि प्री वडलांसाठी. त्यांचं वय ७८, गुडघे गेलेत, खुर्चीवरून उठून लॅपटॉपला हात लावणार नाहीत. त्यांना हातात रिमोट पाहिजे आणि समोर व्हॉल्यूमचं गोल बटण स्वतः फिरताना दिसलं पाहिजे. इनपुट-आउटपुटचे ओहम बघूनच घेतले, प्रीचा आउटपुट १०० ओहमच्या आसपास आहे.
पखवाज आता छातीवर येतो, चपटा होत नाही. झाकण कोमट राहतं. दोन वाकळा टाकल्यात, फरक लगेच कळला. लातूरवाल्यांनी फ्रीजचं सांगितलं होतं, उरलेल्या सात हजारांत स्टॅबिलायझर बघायलोय.

हायफाय_संभाजीनगर
रोटेल चांगला आहे, पण कधीतरी इकडं येऊन सी २९८ ऐका.

ओहमचा_नियम
छान निवड. जुना अँप आहे, एकदा झाकण उघडून मोठे कपॅसिटर वरून फुगलेत का ते चांगल्या मेकॅनिककडून बघून घ्या, आणि स्पीकर जोडायच्या आधी आउटपुटला डीसी मोजायला सांगा. ५० मिलिव्होल्टच्या आत असला म्हणजे काळजी नाही. स्टॅबिलायझर रिलेवाला घेऊ नका, गाण्यात टकटक करतो. सर्वोवाला घ्या, एक केव्हीएचा, जुना बघा म्हणजे पैशात बसंल.

परभणीचा_श्रोता
डीसी मोजलाय, डावीकडं १२, उजवीकडं १८ मिलिव्होल्ट. कपॅसिटर रविवारी दाखवतो.

हिंगोली_नवीन
धागा आत्ताच बघितला. ४ ओहमच्या स्पीकरला क्राउन एक्सएलएस १००२ घ्या, ३५० वॅट आहेत. आणि माझ्याकडं ५.१ चा होम थिएटर आहे, त्याला टीव्हीचा आवाज येत नाही, कोणी सांगेल का कुठली वायर लावायची?