सिगिरिया: चढाई कधी सुरू करावी?

प्रश्न: श्रीलंकेतल्या सिगिरियाच्या शिलादुर्गावर चढायचं आहे. आई-वडील साठीचे आहेत. सुमारे १२०० पायऱ्या झेपतील का? किती वेळ ठेवावा?

उत्तर १: गुडघे ठीक असतील तर झेपतील. सकाळी दार उघडताच शिरा, तीन तास ठेवा. वाटेतल्या सिंहाच्या भव्य शिल्पाच्या पंजांपर्यंत चढ सोपा. पुढचा लोखंडी जिना उघड्यावर आहे, दहानंतर तापतो. थकल्यास पंजांपाशीच थांबावं. भित्तिचित्रांचे फोटो काढायला मनाई आहे.

उत्तर २: पासपोर्ट सोबत ठेवा, सार्क नागरिकांना तिकिटात सवलत असते. गांधीलमाश्या आवाजाने चवताळतात, म्हणून जिन्यावर गप्प राहा. आरसाभिंतीला, म्हणजे एकेकाळी आरशासारख्या चकचकीत असलेल्या भिंतीला, हात लावू नका. तिच्यावर जुन्या प्रवाशांनी कोरलेल्या सिंहली कविता आहेत.

उत्तर ३: उतरल्यावर हा दुर्ग बांधणाऱ्या काश्यप राजाच्या जलोद्यानाला अर्धा तास द्याच. पाचव्या शतकातली कारंजी पावसाळ्यात अजून उडतात! लोक उगाच घाईने निघून जातात.