जुना लॅपटॉप वेगात चालावा म्हणून जर्नल काढू नका

काळापडदा:
लिनक्सच्या ग्रुपवर काल एक पोस्ट फिरली: ‘जुन्या लॅपटॉपला नवा जीव, फक्त तीन कमांड’. ट्यून२एफएस (फाईल सिस्टमची, म्हणजे डिस्कवर फाईली ठेवायच्या व्यवस्थेची, सेटिंग बदलणारी कमांड) वापरून हॅज-जर्नल काढा (जर्नल म्हणजे बदल करण्याआधी ठेवलेली त्याची नोंद), रूट म्हणजे ॲडमिन युजरसाठीची राखीव जागा शून्य करा, डिस्कची ठरावीक तपासणी बंद करा. खाली धन्यवादांची रांग. लोक सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून न वाचता चालवतायत, म्हणून सविस्तर लिहितोय.

पोस्टवाला म्हणतो, जर्नलमुळे प्रत्येक गोष्ट दोनदा लिहिली जाते. साफ चूक. लिनक्सच्या नेहमीच्या फाईल सिस्टममध्ये, म्हणजे ईएक्सटी४ मध्ये, मुळात ‘ऑर्डर्ड’ पद्धत चालू असते. त्यात जर्नलमध्ये फक्त मेटाडेटा (फाईल कुठे आहे, केवढी आहे ही माहिती) जातो, फाईलमधला मजकूर एकदाच लिहिला जातो. दोनदा लिहिणं होतं ते ‘डेटा इज इक्वल टू जर्नल’ असं मुद्दाम सांगितलं तर. ते किती जणांनी केलंय?

तपासणी बंद करायची कमांडही बहुतेकांसाठी निरुपयोगी आहे. गेल्या कित्येक वर्षांत बनवलेल्या फाईल सिस्टमवर ती मुळातच बंद असते. ट्यून२एफएसला स्मॉल एल देऊन बघा, मॅक्सिमम माउंट काउंटसमोर (किती वेळा माउंट केल्यावर, म्हणजे वापरासाठी जोडल्यावर, तपासायचं तो आकडा) उणे एक, म्हणजे बंद, दिसेल.

आणि जुना लॅपटॉप म्हणजे काय? बॅटरी मेलेली, चार्जरची पिन सैल. वायरला धक्का लागला की मशीन बंद. जर्नलची सगळ्यात जास्त गरज असलेलं मशीन हेच, आणि तिथूनच ते काढायला सांगताय! जर्नल नसलेल्या जुन्या ईएक्सटी२ च्या काळात वीज गेली की पूर्ण डिस्क तपासून होईपर्यंत बसून राहावं लागायचं. ते संपावं म्हणूनच २००१ मध्ये जर्नलवालं ईएक्सटी३ लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आलं. तुमचा लॅपटॉप हळू आहे तो २ जीबी रॅमवर वीस टॅब उघडल्यामुळे.

ढवळ्यापवळ्या:
सरसकट असहमत. जर्नलशिवाय चालायची सोय ईएक्सटी४ मध्ये कर्नल २.६.२९ पासून अधिकृत आहे, आणि ती गूगलच्या इंजिनिअरांनी दिली. ते काय वेडे होते? माझ्याकडे कंपाइल करायचं पार्टिशन वेगळं आहे, त्यावर जर्नल नाही. बिघडलं तर फॉरमॅट करतो, सोर्स दुसरीकडे आहे. रास्पबेरी पायच्या कार्डावरही तेच, तेवढंच लिहिणं कमी. प्रत्येक सेटिंगला ‘हात लावू नका’ म्हणणारे लोक आपल्याकडे फार झालेत. मग कमांड लाईन शिकायची तरी कशाला?

काळापडदा:
गूगलकडे एकाच डेटाच्या प्रती अनेक मशीनवर असतात. एक डिस्क गेली तर त्यांचं काही अडत नाही. ग्रुपवरच्या माणसाकडे मुलीच्या बारशाचे फोटो एकाच डिस्कवर आहेत. तुमचं कंपाइलचं पार्टिशन मान्य. पण त्या पोस्टमध्ये ‘वेगळं पार्टिशन’ हे शब्द आहेत का? दाखवा.

शूटिंगवाला:
जर्नलचं तुम्ही बघा. राखीव जागेबद्दल मात्र पोस्टवाला शंभर टक्के बरोबर आहे. मी लग्नाची शूटिंग करतो. ४ टीबीची डिस्क घेतली की ५ टक्के, म्हणजे २०० जीबी, रूटच्या नावाने अडकवून ठेवतात. पैसे मी मोजले. डिस्क मेगाबाइटमध्ये मोजायच्या काळातला आकडा अजून तसाच! ऐन सीझनमध्ये कॉपी अडकली आणि नवरीकडचे फोनवर फोन करत होते, तेव्हा हे कळलं.

रूटकाका:
राखीव जागा शून्य करणाऱ्यांनी एकदा आमच्या ऑफिसात यायला हवं होतं. एका सर्व्हिसचा लॉग रात्रभर वाढला, पार्टिशन भरलं, साध्या युजरला काही लिहिता येईना. रूटने आत जाऊन साफ करता आलं ते त्या ५ टक्क्यांमुळेच. शिवाय डिस्क काठोकाठ भरली की सलग जागा मिळत नाही, फाईलचे तुकडे होतात.

शूटिंगवाला:
अहो काका, माझ्या व्हिडिओच्या डिस्कवर कुठली सर्व्हिस आणि कुठला लॉग? वाचता की नुसतं लिहिता?

रूटकाका:
वाचूनच लिहितोय. पोस्टमध्ये शून्य करा म्हटलंय ते रूट पार्टिशनवर, म्हणजे जिथे सिस्टम असते तिथे. तुमची व्हिडिओची डिस्क तुम्ही मध्ये आणलीत. आणि तुकडे व्हिडिओच्या डिस्कवरही होतात, एडिटिंगला तेच फुटेज अडखळलं की मग ओरडाल.

ढवळ्यापवळ्या:
काका, तेवढ्यासाठी २०० जीबी? ट्यून२एफएसला स्मॉल एम आणि १ द्या, विषय संपला. चालू माउंटवर होतं, डिस्क काढावीही लागत नाही.

रूटकाका:
निव्वळ डेटाची डिस्क असेल तर १ टक्का चालेल. रूटवर माझं मत बदलणार नाही.

सातपुडा:
जर्नलचे एवढे गोडवे गाताय म्हणून विचारते. २००९ मध्ये ईएक्सटी४ नवं होतं. माझ्या बहिणीचा प्रबंध सेव्ह केला, वीज गेली, परत चालू केलं तर फाईल शून्य बाइटची. जर्नल चालू होतं. मग उपयोग काय झाला? ती आठवडाभर जेवली नव्हती नीट.

काळापडदा:
वाईट झालं. तेव्हा अनेकांचं तसं झालं. ईएक्सटी४ डिस्कवर जागा ठरवायला उशीर करतं, जुनी फाईल बदलून नवी ठेवणाऱ्या प्रोग्रामने एफसिंक (मजकूर लगेच डिस्कवर लिहायचा आदेश) केलं नसेल तर मधल्या काळात वीज गेली की रिकामी फाईल उरायची. कर्नल २.६.३० मध्ये त्यावर तोडगा आला. जर्नल फाईल सिस्टमचा सांगाडा शाबूत ठेवतं, आतल्या मजकुराचं वचन देत नाही.

सातपुडा:
हे शेवटचं वाक्य तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. लोक ‘जर्नल आहे’ म्हणून बॅकअप घेत नाहीत, त्यांचं काय? त्या तीन कमांडइतकंच हेही घातक आहे.

काळापडदा:
ठीक, हवं होतं. ज्यांनी काल जर्नल काढून टाकलंय त्यांच्यासाठी: लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बूट करा, पार्टिशन माउंट करू नका, आधी ई२एफएससीकेला एफ देऊन पूर्ण तपासा, मग ट्यून२एफएसला स्मॉल जे द्या. जर्नल परत येतं, डेटा जागेवर राहतो.

शूटिंगवाला:
१ टक्का केलं. १६० जीबी सुटले. उरलेले ४० कशासाठी हे मला अजून पटलेलं नाही, काका.